केंब्रिजमध्ये सहा महिने व्हिजिटिंग स्कॉलर म्हणून राहणं कसं असतं? खर्च किती येतो, आणि कॉलेजची मेंबरशिप मिळाली नसेल तर जावं का?

जावं. कॉलेज नसेल तर काय उपयोग, असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर तो माणूस आमच्या एका निवृत्त सरांचा विद्यार्थी असणार. सर कधीकाळी तिकडे जाऊन आले आणि पुढे कायम स्टाफरूममध्ये हाय टेबलच्या, म्हणजे कॉलेजातल्या प्राध्यापकांच्या जेवणाच्या मानाच्या टेबलाच्या, गोष्टी ऐकवत राहिले: काळे गाऊन, लॅटिन प्रार्थना, पोर्ट वाइनची बाटली डावीकडेच सरकवायची. मला निमंत्रण विद्यापीठाच्या विभागाचं होतं, कॉलेजचं नव्हतं. तर म्हणाले, "म्हणजे तुम्ही केंब्रिज बाहेरूनच बघणार."

हाय टेबलवर मीही जेवले, एका प्राध्यापक बाईंची पाहुणी म्हणून. शाकाहारी म्हटल्यावर मशरूम आलं. शेजारचे गृहस्थ जेवण संपेपर्यंत हवामान आणि त्यांच्या वाफ्यातला घेवडा यांवर बोलले. सज्जन माणूस, पण एवढ्यासाठी विमानाचं तिकीट काढू नये.

युनिव्हर्सिटी लायब्ररीसाठी जरूर काढावं. 1934 ची विटांची इमारत, मनोऱ्यामुळे गिरणीसारखी दिसते. पण लाखो पुस्तकं उघड्या फडताळांवर! चिठ्ठी भरून शिपायाची वाट बघायची नाही. आपणच मजले चढायचे, आपणच पुस्तक काढायचं. एकाच विषयाची पुस्तकं आकाराप्रमाणे वेगवेगळी लावलेली, त्यामुळे सुरुवातीला डोकं फिरतं. फडताळांमधले दिवे टायमरवर. ऐन तळटीप वाचताना विझतात. टी-रूममध्ये चीज स्कोन घ्यायचा आणि समोर येऊन बसेल त्याच्याशी बोलायचं. इंग्रज बोलत नाहीत हे साफ खोटं आहे.

तिथेच एका निवृत्त बाईंनी मला 1897 चा किस्सा सांगितला. बायकांना पदवी द्यावी का, यावर मतदान होतं. विरोधकांनी सेनेट हाऊस या विद्यापीठाच्या सभागृहासमोर सायकलवर बसलेल्या बाईची प्रतिकृती टांगली, आणि प्रस्ताव मोठ्या फरकाने पडला. आपले रँग्लर परांजपे तेव्हा सेंट जॉन्स कॉलेजमध्ये शिकत होते. 1899 मध्ये ते सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले. बायकांना पूर्ण पदवी मिळायला 1948 उजाडलं. सरांच्या गाऊन-पोर्टमध्ये हे कधी आलं नव्हतं. परत आल्यावर मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, तर म्हणाले, "तो इतिहास झाला." मी इतिहासच शिकवते हो!

खर्चाचं म्हणाल, तर भाडंच कंबरडं मोडतं. निघण्याआधीच खोली पक्की करा. तूरडाळ, कढीपत्ता मिल रोडवर मिळतो. किंग्ज कॉलेजचं चॅपल बघायला तिकीट आहे, संध्याकाळच्या प्रार्थनेला गेलात तर फुकट. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, त्याची तयारी ठेवा.

अर्थात मी एकटी होते आणि माझं काम पुस्तकांचं. मुलाबाळांसह जाणार असाल किंवा प्रयोगशाळेत काम असेल, तर हिशेब वेगळा. कॉलेज असेल तर राहण्याची सोय कधीकधी होते, हेही खरं. सायकल जुनीच घ्या, नवी चोरीला जाते.