मुलगा म्हणतोय अझुमा नेल्सनसारखं प्रोफेशनल बॉक्सर व्हायचंय, काय करू?

नमस्कार ताई,

तुमचा मेल वाचला. मुलगा दहावी पास झालाय, वाशिमला जिममध्ये बॉक्सिंग शिकतोय, आणि यूट्यूबवर घानाच्या अझुमा नेल्सनच्या फाइट्स बघून आता म्हणतोय की अकरावीला अॅडमिशन नको, डायरेक्ट प्रोफेशनल व्हायचं. त्याचे बाबा ग्लोव्हज फेकून द्यायला निघालेत असं लिहिलंय. ग्लोव्हज राहू द्या हो, त्यांचा काय दोष.

खरं सांगू का, पोराने माणूस भारी निवडलाय. पण त्या माणसाचं करिअर नीट बघायला सांगा त्याला, नुसते नॉकआउट नको. अझुमा अक्राचा, म्हणजे घानाच्या राजधानीचा. १९७८ ला एडमंटनच्या कॉमनवेल्थ गेम्समध्ये गोल्ड घेतलं, म्हणजे आधी अमॅच्युअर, पैशासाठी नाही तर मेडलसाठी लढणारा, आणि प्रो झाला त्यानंतर १९७९ ला. १९८२ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला दुसरा बॉक्सर जखमी झाला म्हणून ऐनवेळी याला बोलावलं, समोर साल्वाडोर सांचेझसारखा चॅम्पियन, हा पंधराव्या राउंडपर्यंत टिकला आणि मग हरला. वर्ल्ड टायटल मिळालं १९८४ ला, विल्फ्रेडो गोमेझला त्याच्याच पोर्टो रिकोत जाऊन हरवून. गोल्डपासून टायटलपर्यंत सहा वर्षं!

आणि घानाचा पहिला वर्ल्ड चॅम्पियन तो नाहीच, तो डेव्हिड कोटे, सगळे डी. के. पॉयझन म्हणायचे, १९७५ चा. त्याच्या फाइटच्या कमाईतले ४५ हजार डॉलर तिथल्या सरकारने उसने घेतले आणि त्यातून मॅकरेल मासळीचे डबे मागवले, ते पैसे परत मिळाले २०२० ला! म्हणजे चॅम्पियन होऊनही पैसा आपल्या हातात राहीलच असं नाही. प्रोमध्ये महिन्याचा पगार नसतो, फाइट झाली तर पैसे, त्यातून मॅनेजर, कोचचा वाटा. अक्रातल्या बुकोम वस्तीत गल्लीगल्लीत बॉक्सर तयार होतात, तिथून अझुमाएवढं मोठं नाव किती जणांचं झालं ते त्यालाच शोधू द्या. तिथले बरेच जण परदेशात पाहुणे म्हणून लढायला जातात. आपल्या विजेंदर सिंगसमोर २०१७ ला जयपूरला अर्नेस्ट अमुझू आला होता तो घानाचाच, हरून गेला. आणि धोका लपवत नाही, मार्च २०२५ मध्ये अक्राच्या बुकोम अरेनातच एक नायजेरियन बॉक्सर फाइट चालू असताना कोसळला आणि वारला.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, बॉक्सिंग चालू ठेवा, प्रो आत्ता नको. विजेंदरनेही २००८ चं ऑलिम्पिक ब्रॉंझ आधी घेतलं, प्रो झाला २०१५ ला. आपल्याकडे अमॅच्युअर मेडलवर पोलीस, रेल्वे, आर्मीत नोकरीचा रस्ता आहे, राज्य सरकारी भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, नुसत्या प्रो फाइट्सवर यातलं काही मिळेल असं धरून चालू नका. अकरावीला अॅडमिशन घ्याच, आर्ट्स घेतलं तरी चालेल, प्रॅक्टिसला वेळ उरतो. अकोला तुमच्या जवळच आहे, तिथल्या क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे सरकारी क्रीडा प्रशिक्षण केंद्रात, बॉक्सिंग आहे, एकदा बापलेकाला सोबतच पाठवा, तिथल्या कोचने मुलाला रिंगमध्ये बघू दे. कोणी प्रमोटर काँट्रॅक्ट घेऊन आला तर सही करायची नाही, आधी वकिलाला दाखवायचं.

तोपर्यंत मला त्याचं वजन आणि जन्मसाल कळवा, कुठल्या गटात खेळेल ते त्यावरच ठरतं.