पुडीसोबतचा रिपोर्ट

प्रश्न : मॅडम, माझ्या धाकट्या भावाला एचआयव्ही आहे. सरकारी एआरटी केंद्रातली (एचआयव्हीवरच्या उपचारांचं केंद्र) टीएलडी ही तीन औषधांची एकत्र गोळी रोज घेतो, तब्येत चांगली आहे. गावात एकजण झाडपाल्याची पूड विकतोय. सोबत प्रयोगशाळेचा रिपोर्ट दाखवतो : ‘पेशींवरील चाचणीत एचआयव्हीची वाढ रोखली.’ सही-शिक्का सगळं आहे. भाऊ म्हणतो, गोळी थांबवून ही घेऊन बघतो. असे रिपोर्ट खोटे असतात का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : भावाची गोळी आज रात्रीही चुकता कामा नये. हे आधी, मग रिपोर्टचं बोलू.

रिपोर्ट खोटा असेलच असं नाही. मी सांगलीच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, तेव्हा खरे रिपोर्टही चुकीच्या कामाला जुंपलेले पाहिलेत. पेशींवरची चाचणी कशी होते ते बघा. ९६ खळग्यांची एक प्लास्टिकची प्लेट असते. खळग्यांत माणसाच्या टी-पेशी, म्हणजे एचआयव्ही ज्यांच्यावर हल्ला करतो त्या पांढऱ्या रक्तपेशी, घालतात. विषाणू सोडला की चार-पाच दिवसांत त्या मरू लागतात. काही खळग्यांत विषाणूबरोबर तपासायचं द्रव्यही असतं, एकापुढे एक पातळ करत नेलेलं. शेवटी एमटीटी नावाचं पिवळं रसायन टाकतात. जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात, म्हणजे रंग जितका गडद तितक्या पेशी द्रव्याने वाचवल्या. बेल्जियमच्या शास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये ही पद्धत एचआयव्हीसाठी बसवली.

दुसऱ्या काही चाचण्यांत पेशी जगल्या का हे बघतच नाहीत. विषाणूचं पी२४ हे प्रथिन किती तयार झालं तेवढंच मोजतात. आता पूड विषारी असून पेशीच मेल्या, तर पी२४ कुठून येणार? रिपोर्टात ‘रोखली’ असंच उतरतं. फवारणीने द्राक्षावरची डावणी (बुरशीचा रोग) गेली आणि वेलही जळाला, तर त्याला औषध म्हणत नाहीत, हे तासगावकरांना मी काय सांगू! म्हणून त्या माणसाला एकच विचारा : विषाणू निम्मा रोखायला किती मात्रा लागली आणि निम्म्या पेशी मरायला किती? पहिली दहा आणि दुसरी वीस असेल, तर कागद घडी करून परत द्या. दुसरी शेकडो पटींनी मोठी असेल तरच पुढची चौकशी करण्यात अर्थ.

झाडपाल्यात आणखी एक गोम असते. हिरडा, डाळिंबाची साल यांत टॅनिन भरपूर. ते दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं, त्यामुळे नळीत विषाणूचं एन्झाइमही बंद पडतं. औषध सापडल्यासारखं वाटतं, पण ते सापडलेलं नसतं.

वनस्पतींना मी नावं ठेवत नाही. आपल्या कोकणातल्या उंडीच्या जातकुळीतलं एक झाड मलेशियातल्या सारवाकमध्ये आहे. त्यातलं कॅलॅनोलाइड ए पेशींवरच्या चाचणीत उत्तम ठरलं, १९९२ मध्ये प्रसिद्ध झालं, माणसांवरच्या चाचण्यांपर्यंतही गेलं. औषध म्हणून मात्र ते अजून दुकानात आलेलं नाही. पेशींपासून माणसापर्यंतची वाट एवढी लांब, आणि तुमच्या पुडीवाल्याने पहिल्याच थांब्यावर दुकान मांडलंय.

भावाच्या गोळीतला ‘डी’ म्हणजे डोल्युटेग्राविर. विषाणू स्वतःचा जनुकीय मजकूर माणसाच्या पेशीच्या डीएनएत घुसवतो, ते काम हे औषध अडवतं. याच गटातलं पहिलं औषध राल्टेग्राविर. ते शोधण्याच्या वाटेवर मर्क या औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी अडीच लाखांवर संयुगं चाळली, त्यांतून हाती लागलेले धागे २००० मध्ये जाहीर केले आणि औषधाला मान्यता मिळाली ती २००७ मध्ये.

गोळी थांबली तर दबलेला विषाणू बहुतेकांत काही आठवड्यांतच पुन्हा वाढतो. गोळी चालू ठेवून वर पूड घ्यायची म्हणाल, तर तिच्यात लोहभस्म किंवा शंखभस्म आहे का ते बघा. लोह आणि कॅल्शियम डोल्युटेग्राविरला धरून ठेवतात, मग ते नीट शोषलं जात नाही. पुडीचं पाकीट घेऊन एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवा आणि भावाचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, शेवटी कधी तपासला तेही विचारून घ्या. केंद्रात जायला संकोच वाटत असेल, तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करा. त्याला पैसे पडत नाहीत.