मी घाबरट नव्हतो हो, मॅडम

“ईसीजी नॉर्मल, टू-डी एको नॉर्मल, मग छातीत धडधड का होते? पुरुषांचं हॉर्मोन कमी निघालंय, त्यामुळे हार्टवर परिणाम झाला असेल का?” चाळिशी ओलांडलेले पुरुष हा प्रश्न घेऊन येतात. त्यातला हॉर्मोनचा भाग पहिल्या भेटीत सहसा तोंडातून निघतच नाही.

एका गृहस्थांचा अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय 46. हृदयरोगतज्ज्ञांनी सगळं तपासून ‘टेन्शन आहे’ म्हणत माझ्याकडे पाठवलेलं. बोलता बोलता त्यांची दोन बोटं मनगटावर जायची आणि नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. सोबत आलेल्या पत्नीने एक वही पुढे केली. “रात्री उठून हे लिहीत बसतात.” 2:40 – 96. 3:15 – 94. पानंच्या पानं. ते खाली बघत म्हणाले, “मी घाबरट नव्हतो हो, मॅडम.”

पत्नी बाहेर जाऊन बसल्यावर त्यांनी शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला रिपोर्ट काढला. जिममधल्या प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून केलेली टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे पुरुषांच्या त्या हॉर्मोनची, तपासणी. दीड वर्षापासून इच्छाच होत नव्हती, सकाळची ताठरता गेली होती, दुपारी थकून बसावं लागायचं. यातलं काहीच त्यांनी हृदयरोगतज्ज्ञांना सांगितलं नव्हतं. हृदयाच्या डॉक्टरांना हे काय सांगायचं, असं त्यांना वाटलं. सांगायला हवं होतं.

हृदयाची स्वतःची लय मिनिटाला साधारण 100 ठोक्यांची असते. शांत बसल्यावर ती साठ-सत्तरवर येते, कारण मेंदूतून निघालेली व्हेगस नस सतत ब्रेक दाबून असते. श्वास घेताना हा ब्रेक जरा सुटतो, सोडताना पुन्हा लागतो. त्यामुळे निरोगी हृदयाचे ठोके एकसारख्या अंतराने पडत नाहीत. स्मार्टवॉचवर एचआरव्ही म्हणून दिसतो तो हाच फरक. टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या पुरुषांमध्ये हा फरक कमी झाल्याचं अभ्यासांत आढळलं आहे, म्हणजे ब्रेक ढिला आणि अ‍ॅक्सिलरेटर वरचढ. या हॉर्मोनला ओळखणारे रिसेप्टर मेंदूच्या स्वायत्त, म्हणजे ठोके-श्वास आपोआप सांभाळणाऱ्या, केंद्रांतही असतात आणि हृदयाच्या स्नायूतही. तेव्हा त्या गृहस्थांची धडधड खरी होती, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यात भित्रेपणा नव्हता, पुरुषत्वाचा तर प्रश्नच नव्हता.

पण सगळं खापर हॉर्मोनवर फोडणंही चूक. अपुरी झोप, पोटाची चरबी, सततची काळजी यांनी हा ब्रेक ढिला होतोच, आणि झोप व वजन बिघडलं की टेस्टोस्टेरॉनही खाली येतं. पत्नीला आत बोलावून विचारलं, घोरतात का? “घोरता घोरता श्वासच थांबतो ह्यांचा. मी हलवून उठवते.” खरी दिशा मिळाली ती इथे.

प्रशिक्षकाने इंजेक्शनं सुचवली होती. मी कळकळीने म्हटलं, एंडोक्रायनॉलॉजिस्टना, म्हणजे हॉर्मोनतज्ज्ञांना, भेटल्याशिवाय एकही घेऊ नका. खिशातल्या रिपोर्टसाठी रक्त संध्याकाळी पाच वाजता दिलेलं होतं. ही तपासणी सकाळी, उपाशीपोटी आणि दोन वेगवेगळ्या दिवशी करायची असते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं तर शुक्राणू तयार होणं मंदावतं, रक्त घट्ट होऊ शकतं. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रॅव्हर्स चाचणीत पाच हजारांहून अधिक पुरुष होते. टेस्टोस्टेरॉनचं जेल लावणाऱ्यांत हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक वाढले नाहीत, मात्र एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांची अनियमितता, जास्त आढळली. आधीच धडधडीने हैराण माणसाला हे माहीत असायला हवं.

त्याच दिवशी एक गोष्ट करून पाहिली. बोटं नाडीवरच ठेवायला सांगितली, पण घड्याळाकडे पाठ. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. तिसऱ्या-चौथ्या श्वासाला ते थबकले. “सोडताना हळू होतेय.” इतके महिने नाडी मोजून त्यांना फक्त आकडा दिसला होता, स्वतःचा ब्रेक बोटांखाली लागतो आहे, हे पहिल्यांदा कळलं. वहीऐवजी रात्री हेच करायचं ठरलं.

सकाळच्या दोन्ही तपासण्यांत टेस्टोस्टेरॉन कमीच आलं, 238 आणि 221. झोपेच्या तपासणीत झोपेत श्वास थांबण्याचा आजार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया निघाला. डॉक्टरांनी आधी सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं) आणि वजन यांवर भर दिला, हॉर्मोनचा निर्णय पुढे ठेवला. आठ महिन्यांनी आकडा 340 झाला, बसल्या जागीची नाडी 92 वरून 78. रात्री अजून मधूनच जाग येते. गेल्या भेटीत ते एकटेच आले आणि म्हणाले, “ते दुसरं... त्याबद्दल हिच्याशी बोललो. पुढच्या वेळी दोघं येऊ का?”