छोट्या ट्रेलरमध्ये सिंक हवं का? आधी सांगा, भांडी कोण घासणार?

तुमचा प्रश्न असा: दोघं नवरा-बायको, चार वर्षांची मुलगी, पाच बाय दहा फुटांचा टिअरड्रॉप ट्रेलर (गाडीमागे ओढायचा, आत फक्त झोपण्यापुरती जागा, किचन मागच्या झाकणाखाली) बनवून घेताय. मागच्या किचनमध्ये सिंक, पंप आणि पाण्याची टाकी बसवायचे बनवणारा ८०० डॉलर जादा मागतोय. घ्यावं का?

नका घेऊ. आणि एक विचारते, राग मानू नका. सिंक हवं म्हणणारं माणूस आणि भांडी घासणारं माणूस एकच आहे का? नसेल, तर हा प्रश्न दुसऱ्या माणसाला विचारू द्या. आमच्याकडे तसं झालं नाही, म्हणून हे भांडण २०२१ पासून चालू आहे.

आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या बाजूला राहतो. नवरा गाड्यांच्या धंद्यातला इंजिनिअर. लॉकडाऊनच्या हिवाळ्यात सगळे लोक पाव भाजत होते तेव्हा यानं गॅरेजमध्ये चार बाय आठचा टिअरड्रॉप बांधायला घेतला. सांगाडा विकत आणला, बाकी सगळं प्लायवूड, एपॉक्सी आणि माझ्या गाडीची जागा. काम सुंदर केलंय, ते कबूल करायला हवं. आत गादी, मागचं झाकण वर उचललं की किचन. त्या किचनमध्ये सिंक असणार हे त्यानं पहिल्याच दिवशी वहीत काढून ठेवलं होतं, आणि ते मी घरी नसताना.

मी तेव्हाच मोजून दाखवलं होतं. ओटा चार फूट रुंद. दोन बर्नरची शेगडी ठेवली की दोन फूट गेले. सिंकला काठ धरून सव्वा फूट. उरले नऊ इंच. नऊ इंचांत पोळपाट मावत नाही, विळी तर सोडाच. कांदा चिरायचा कुठे, तर म्हणे सिंकवर फळी ठेवायची. म्हणजे चिरताना सिंक बंद आणि धुताना चिरणं बंद. मग पाण्याचं वजन. एक गॅलन पाणी म्हणजे साधारण आठ पौंड, पाच गॅलनची टाकी भरली की चाळीसच्या वर गेलंच. आमच्या होंडा सीआर-व्ही गाडीची ओढायची मर्यादा १,५०० पौंड, आणि ट्रेलर सामानासकट अकराशेच्या घरात. त्याचं उत्तर एकच शब्दाचं होतं: "बसतं."

बसतं खरं. पण बसतं म्हणून न्यायचं का, यावर आमच्यात कधीच एकमत झालेलं नाही, आणि हा वाद फक्त ट्रेलरपुरता नाही. असो.

२०२२ च्या उन्हाळ्यात सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. माणदेशातल्या, दहिवडीच्या बाजूच्या. लेबर डेच्या सुट्टीत त्यांना घेऊन आम्ही मॅकिनॉचा पूल ओलांडून वरच्या मिशिगनमध्ये गेलो. झोपायची व्यवस्था अशी: सासू-सुना ट्रेलरमध्ये, त्यांचा मुलगा तंबूत. (टिअरड्रॉपमध्ये तुम्ही तिघं झोपणार म्हणता, त्यावर मी काही बोलत नाही. मुलगी चारची आहे तोवर झोपून घ्या.) टाक्वामेनॉनचा धबधबा पाहिला. सीडरच्या दलदलीतून येतं म्हणून ते पाणी तांबूस तपकिरी असतं. आई कठड्याला धरून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढा कोरा चहा कुणासाठी उकळलाय गं?"

मुक्काम जवळच्याच एका स्टेट फॉरेस्ट कॅम्पग्राउंडवर. ही जागा तुम्हाला माहीत असेलच: लाइट नाही, शॉवर नाही, खड्ड्याचा संडास आणि पाण्याला हापसा. हापसा बघून आई इतक्या खूश झाल्या की नायगारा बघूनही झाल्या नव्हत्या. संध्याकाळी नवऱ्यानं मोठ्या अभिमानानं मागचं झाकण उचललं, बटण दाबलं, पंप घुर्रर्र झाला आणि नळाला पाणी आलं. आईंनी वाकून सिंक पाहिलं. "ही मोरी हाय का आमटीची वाटी?"

पिठलं-भात केला. पाऊस सुरू झाला. इथे एक गोष्ट लक्षात घ्या, जी सिंकचे फोटो बघताना कुणाच्याच लक्षात येत नाही: टिअरड्रॉपचं किचन मागे असतं आणि तुम्ही बाहेर उभे असता. सिंक आत, तुम्ही पावसात. वरचं झाकण डोकं तेवढं झाकतं, पाठ भिजतेच. मी पाठ भिजवत भांडी घासायला घेतली. कढई सिंकमध्ये आडवी बसेना, तिरकी धरून घासली. तीन लिटरचा कुकर आत गेला, पण मग हात जाईना. नळ एका हातानं चालू-बंद करायचा, म्हणजे तो चालूच राहतो. शेवटचं पातेलं विसळताना पाणी उतरायचं थांबलं.

नवरा तंबूतून ओरडला, "पिठलं टाकलंस ना त्यात!"

मी पिठलं टाकलं नव्हतं. पातेलं आधी भाकरीच्या तुकड्यानं पुसून घेतलं होतं, तो तुकडा मीच खाल्ला होता. तरी हा आला आणि तंबूची खुंटी घेऊन भोकात खुपसत बसला. खुपसता खुपसता ओट्याखालच्या पाइपचा जोड निसटला. सिंकमध्ये साठलेलं सगळं पाणी खालच्या कप्प्यात. पोहे, साखर, शेंगदाण्याचा कूट. तिथून वायर न्यायला पाडलेल्या भोकातून पलीकडे, थेट गादीच्या पायथ्याशी. पिठल्याच्या वासाच्या गादीवर कोण झोपणार? आम्ही तिघांनी रात्र गाडीत काढली, सीट मागे टाकून. आई पुढच्या सीटवर लगेच झोपल्या. आम्ही दोघं मागे जागे, एकमेकांशी न बोलता. पहाटे रकून येऊन ओल्या पोह्यांची पिशवी घेऊन गेला, तेवढाच कुणाचा तरी फायदा झाला.

सकाळी उठून बघते तर आई भांड्यांचा ढीग घेऊन हापशावर. मला पळत जाऊन थांबवावं लागलं, कारण पिण्याच्या पाण्यापाशी भांडी घासायची नसतात. समजावलं तर लगेच पटलं. म्हणाल्या, आमच्या आडावर पण नव्हतं चालत. मग सगळं पिकनिक टेबलावर आणलं. दोन प्लास्टिकची घमेली, एकात साबणाचं पाणी, एकात विसळायचं. कढईला शेकोटीतली राख. गुडघ्यांमुळे आईंना बसून घासता येत नाही, म्हणून उभ्यानं, टेबलाशी. पाच माणसांची वाटावीत एवढी भांडी त्यांनी अर्ध्या बादलीत उरकली. मी मोजलं, कारण मला रात्रीपासून मोजायचंच होतं. पाच लिटरही लागले नाहीत.

आणि तिथे मला कळलं की आम्ही दीड वर्ष चुकीच्या गोष्टीवर भांडत होतो. जमिनीवर उकिडवं बसून घासावं लागतं म्हणून माणसाला सिंक हवंसं वाटतं. पण त्यात कामाची असते ती उंची. कमरेइतका उंच, पाणी पडलं तरी चालेल असा ओटा असला की झालं. कॅम्पच्या जागेवर पिकनिक टेबल बहुतेक असतंच. नसेल तिथे घडीचं टेबल न्या.

पाणी साठवायला खाली तोटी असलेला मोठा कॅन घ्या. सात गॅलनचे निळे मिळतात, पण भरल्यावर ते उचलताना कंबर जाते. मी चार-चार गॅलनचे दोन नेते. टेबलाच्या कडेला ठेवला की हात धुणं, दात घासणं, मुलीचं तोंड धुणं सगळं होतं. शिवाय खड्ड्याच्या संडासाकडे जाताना आपल्या लोकांना जे पाणी लागतं, त्याला सिंकचा काय उपयोग? तिथे बाटलीच न्यावी लागते.

घासण्याची पद्धत सांगायची गरज नसावी, तरी: आधी ताट-पातेली पुसून कोरडी करा, तो कचरा कचऱ्यात. मग दोन घमेली. उरलेलं पाणी चहाच्या गाळणीतून गाळा. ते कुठे टाकायचं हा खरा प्रश्न आहे आणि सिंक असलं तरी तो सुटत नाही, फक्त ट्रेलरखालच्या डब्यात लपतो. मोठ्या स्टेट पार्कांत सॅनिटेशन स्टेशन असतं, तिथे ओता. जंगलात जिथे जमिनीवर टाकायला परवानगी आहे तिथे तळ्या-नदीपासून दोनशे फूट, म्हणजे साधारण साठ मीटर लांब, पसरून टाका. साबण 'नैसर्गिक' असला तरी हेच. काही ठिकाणी जमिनीवर थेंबही चालत नाही, तेव्हा गेटवरची पाटी वाचा. संडासाबाहेरच्या बेसिनमध्ये भांडी घासू नका, आपल्या लोकांना मी हे करताना पाहिलंय आणि मान खाली घालून पुढे गेलेय. अस्वलांच्या भागात खरकटं पाणी रात्रभर डब्यात ठेवणं म्हणजे आमंत्रणच. आमच्याकडे रकूनवर भागलं.

आता पिठल्याबद्दल. हे तुमच्या प्रश्नात नाही, पण मला सांगायचंय.

नवरा अजूनही पाहुण्यांना सांगतो की सिंक उत्तम होतं, हिनं त्यात बेसन घातलं. तर ऐका. टाकी पाच गॅलनची होती. सांडपाण्याचा डबा अडीच गॅलनचा होता. पाच भरायचे आणि अडीच साठवायचे, हे गणित गाड्यांचं सस्पेन्शन करणाऱ्या माणसाचं आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, अर्धं पाणी आपण पिऊ. त्या नळातून एका जेवणाच्या भांड्यांना साडेनऊ लिटर सहज जातात, म्हणजे बरोबर अडीच गॅलन. डबा भरला, पाइपचं टोक पाण्यात बुडालं, हवा बाहेर जायला वाट उरली नाही, पाणी तुंबलं. पुढच्या मे महिन्यात ड्राइव्हवेवर मी हे करून दाखवलं. स्वच्छ पाणी, बेसनाचा कणही नाही. अडीच गॅलनला तुंबलं. शेजारच्या बाई साक्षीला होत्या. नवरा म्हणाला, "उतार वेगळा होता." ड्राइव्हवेचा.

त्याच आठवड्यात सिंक काढलं. भोकावर प्लाय बसवलं, ते मात्र यानंच बसवलं, आणि इतकं बेमालूम की जोड दिसत नाही. आता तिथे पोळपाट मावतो.

आता ज्या ठिकाणी माझं म्हणणं लागू पडत नाही ते सांगते, नाहीतर उद्या तुम्ही मला नावं ठेवाल. ट्रेलर आत उभं राहता येईल असा असेल, तेरा फुटी फायबरग्लासचे येतात तसा, आणि सिंक आधीपासून बसवलेलं असेल तर उचकटू नका. आत उभं राहून, पाऊस बाहेर ठेवून भांडी घासणं ही वेगळीच चैन आहे, आणि विकताना लोक सिंक बघतात. तान्हं बाळ असेल, रात्री दोनदा बाटली धुवायची असेल, तरी माझं मत बदलेल. तुमची मुलगी चारची आहे, तेव्हा ती वेळ गेली. फक्त ब्रेड-अंडी-कॉफीवाले असाल तर ती वाटी तुम्हाला पुरेलही. पण थंडीच्या मुलखात राहत असाल तर प्रत्येक हिवाळ्याआधी पंप आणि पाइप रिकामे करून त्यात गुलाबी अँटीफ्रीझ घालावं लागतं, नाहीतर पाइप फुटतात. ते काम वर्षातून एकदाच असतं आणि ज्या दिवशी करायचं त्या दिवशी मॅच असते.

इतकं वाचूनही हवंच असेल, तर निदान दोन गोष्टी बनवणाऱ्याकडून लिहून घ्या: सांडपाण्याचा डबा टाकीपेक्षा मोठा, आणि त्याला हवेची वेगळी नळी. आणि जाताना तुमची नेहमीची कढई घेऊन जा, सिंकमध्ये आडवी बसते का ते त्याच्यासमोर बघा.

आमचं सिंक, पंप आणि नळ अजून गॅरेजच्या फळीवर आहेत. कुणाला हवे असतील तर सांगा, पोस्टाचा खर्च तेवढा तुमचा. नवऱ्याला विचारायची गरज नाही.