चौकातला विल्सन आणि कॉलेजचा विल्सन

प्रश्न : सर, मुलीला मुंबईच्या विल्सन कॉलेजात प्रवेश मिळालाय. पण मामंजी अडून बसलेत. म्हणतात, "ज्याचा पुतळा आपल्या माणसांनी फोडला, त्याच्या नावाच्या कॉलेजात आमची नात जायची नाही." तो हाच विल्सन का? आणि भंडारदऱ्याचं विल्सन धरण कुणाच्या नावाचं?
— एक आई, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : मामंजींचा राग अस्सल कोल्हापुरी आहे, पण पत्ता चुकलाय. इंग्रजांत विल्सन म्हणजे आपल्याकडचे पाटील. एका पाटलाचा हिशेब दुसऱ्याच्या दारात मागायला गेलं तर काय होईल, हे कोल्हापूरकराला सांगायला नको.

आपल्या चौकातला विल्सन म्हणजे सर लेस्ली विल्सन, १९२३ ते १९२८ या काळातला मुंबईचा गव्हर्नर. आज शिवाजी चौकात महाराजांचा अर्धपुतळा आहे, तिथं याचा पुतळा होता. १९४२ च्या आंदोलनात भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे यांनी तो विद्रूप केला. हत्यारी पोलिसांच्या राज्यात, भर चौकात, दोन बायकांनी! शाळेच्या पुस्तकात हे पानभर असायला हवं होतं. पुढं तो पुतळा फोडलाही गेला आणि १९४५ मध्ये भालजी पेंढारकरांच्या पुढाकारानं तिथं शिवराय आले. गंमत म्हणजे इकडं पुतळ्याची ही गत होत होती, तेव्हा खुद्द साहेब ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडचे गव्हर्नर म्हणून खुशाल नांदत होते.

कॉलेजचा विल्सन त्याच्या कितीतरी आधीचा. रेव्हरंड जॉन विल्सन, स्कॉटिश मिशनरी. १८२९ मध्ये मुंबईत उतरला, मराठी शिकला आणि १८३२ मध्ये त्यानं शाळा काढली. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' सुरू झालं ते याच वर्षी. त्याच शाळेचं पुढं कॉलेज झालं. बायको मार्गारेट मुलींच्या शाळा चालवायची, हे मामंजींना आवर्जून सांगा. माणूस सरळ संत होता असं मात्र समजू नका. १८३९ मध्ये त्यानं दोन पारशी मुलांना ख्रिस्ती केलं, तेव्हा मुंबईत केवढा गहजब उडाला! पण हा मुंबई विद्यापीठाचा कुलगुरूही झाला आणि १८७५ मध्ये मुंबईतच वारला. लेस्ली तेव्हा जन्मलाही नव्हता.

मामंजींना विल्सनवर राग काढायचाच असेल, तर खरा गिऱ्हाईक वेगळाच आहे. जेम्स विल्सन. मूळचा टोप्यांचा व्यापारी, १८४३ मध्ये 'द इकॉनॉमिस्ट' काढणारा. सत्तावनच्या उठावानं सरकारची तिजोरी पार खंगली, म्हणून त्याला इकडं पाठवलं. १८६० मध्ये त्यानं हिंदुस्थानचं पहिलं अंदाजपत्रक मांडलं आणि त्यातूनच आपल्या मानगुटीवर इन्कम टॅक्स बसवला. वर्षाला दोनशे रुपयांच्या आत कमाई असेल तर माफ, पाचशेच्या वर असेल तर शेकडा चार. त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, तो कलकत्त्यात जुलाबानं वारला. कर मात्र दरसाल जुलैत आपल्याला भेटायला येतोच.

बाकीचे विल्सन एका दमात सांगतो. होरेस विल्सन कालिदासाचं 'मेघदूत' १८१३ मध्ये इंग्रजीत नेणारा, वुड्रो विल्सन अमेरिकेचा अध्यक्ष, हॅरॉल्ड विल्सन ब्रिटनचा पंतप्रधान. बिलियर्ड्सचा आपला जगज्जेता विल्सन जोन्स यात धरू नका. तो पुण्यात जन्मलेला, आणि त्याचं विल्सन हे नाव आहे, आडनाव नव्हे.

राहिलं भंडारदरा. ते मामंजींना आजच सांगायचं की मुलगी हॉस्टेलला पोचल्यावर, हे तुम्ही ठरवा. कारण प्रवरेवरचं ते १९२६ चं धरण चौकातल्याच विल्सनचं, लेस्ली साहेबाचं. त्याला कुणी हात लावला नाही. उसाला पाणी देणाऱ्या भिंतीवर घण घालायला कोण जातंय!