मोटारीचं डिझेल इंजिन बोटीत चालेल का?

प्रश्न : पानशेतला स्टर्नड्राइव्ह (इंजिन आत, प्रॉपेलरचा भाग मागे बाहेर) बोटीत मोटारीचं १.३ लिटर टर्बो डिझेल इंजिन बसवता येईल का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : येईल. पण रेडिएटरऐवजी हीट एक्सचेंजर (इंजिनचं गरम पाणी बाहेरच्या पाण्याने थंड करणारा) आणि धरणाचं पाणी ओढणारा वेगळा पंप लागेल. त्याचा रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) कोरडा फिरला तर मिनिटभरातही पाती फाटतात. सुटा एक जवळ ठेवाच. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर गोळा करणारा पाइप) वॉटरजॅकेटचाच, म्हणजे भोवती पाणी खेळणारा, घ्या. एक्झॉस्टमध्ये पाणी सोडायचं ते टर्बोनंतर, उतरत्या पाइपात. नाहीतर उलटं सिलिंडरमध्ये शिरतं.

खरी गोम प्रॉपेलरची. मोटारीला अधूनमधून उतार मिळतो, बोटीला कायम चढच. पूर्ण थ्रॉटलवर इंजिनला ठरलेले आरपीएम (मिनिटाला फेरे) गाठले जात नसतील, वर काळा धूर असेल, तर प्रॉपेलरची पिच (एका फेऱ्यात तो जितका पुढे सरकेल ते अंतर) कमी करा. पिच एक इंच कमी केली की साधारण २०० आरपीएम वाढतात.