आधी पात्राचं क्रियापद शोध

सप्रेम नमस्कार,

कॉमिक स्ट्रिपमधल्या पात्रावर तू गेम करतोयस, त्याची स्केचेस पाहिली. नाक, टोपी, रेषेची जाडी, सगळं जमलंय. पण गेममध्ये तुझं पात्र करतं काय, तर धावतं आणि उडी मारतं. हे कुठलंही पात्र करेल. कॉमिक स्ट्रिपमधल्या पात्राचा प्लॅटफॉर्मर, म्हणजे मजल्यांवरून धावत-उड्या मारत पुढे जायचा गेम, बहुतेक वेळा इथेच फसतो. चेहरा ओळखीचा असतो, वागणं परकं.

पॉपायचं उदाहरण नीट बघ. ई. सी. सीगर यांच्या 'थिंबल थिएटर' या स्ट्रिपमध्ये तो १७ जानेवारी १९२९ला पहिल्यांदा आला. निन्टेन्डोने १९८२ साली त्याचा आर्केड गेम काढला. त्यात शिड्या आहेत, जिने आहेत, मजले आहेत, पण उडीचं बटण नाही. एकच बटण, ते ठोशाचं. त्याची मैत्रीण ऑलिव्ह वरून हृदयं टाकते, ती गोळा करायची. पाण्यात पडली तर बुडायच्या आत उचलायची. त्याचा दांडगा शत्रू ब्रूटस मात्र वरच्या मजल्यावरून खाली झेप घेतो. म्हणजे उडी शत्रूला आणि ठोसा नायकाला. तरी तो ठोसा एरवी ब्रूटसवर चालत नाही, बाटल्यांवर चालतो. पालकाच्या डब्याला ठोसा मारला की मगच ब्रूटसची पाळी येते. स्ट्रिपमधला स्वभाव बटणात उतरला, तो असा.

तू हेच कर. कुठल्याही ५० स्ट्रिप घे आणि प्रत्येकीसमोर एकच क्रियापद लिही: पळतो, लपतो, ढकलतो, खातो, उलट बोलतो. ज्याची संख्या सगळ्यात जास्त, ते मुख्य बटण. जॉनी हार्ट यांच्या 'बी.सी.'मधला थॉर दगडी चाकावरून फिरतो, १९८३च्या 'बी.सी.ज क्वेस्ट फॉर टायर्स'मध्ये तो त्याच चाकावर बसून खड्डे ओलांडतो. नवीन काही शोधावंच लागलं नाही. उलट आपला चिंटू घे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या या पात्राची गंमत बरीचशी बोलण्यात आहे. त्याला नुसतं टाइल्सवर, म्हणजे गेमच्या जमिनीच्या चौकोनी तुकड्यांवर, नाचवलं, तर चिंटूचे कपडे घातलेला कुणीतरी पोरगा उरेल. यादीत 'बोलतो'च वरचढ निघालं, तर प्लॅटफॉर्मरचा हट्ट सोड.

क्रियापद ठरलं की चित्र बाजूला ठेव आणि पात्राच्या जागी नुसता करडा डबा घेऊन चाली बसव. पात्र वापरायचा परवाना हातचा जाऊ शकतो, हेही एक कारण. निन्टेन्डोला १९८१मध्ये पॉपायचे हक्क वेळेवर मिळाले नाहीत. तेव्हा पॉपाय, ऑलिव्ह आणि ब्रूटस यांच्या त्रिकोणात माकड, सुतार आणि एक बाई आली आणि 'डाँकी काँग' झाला. पात्र गेलं, तरी गेम उभा राहिला.

आता आकडे. टाइल १६ पिक्सेलची, पात्र ४८ उंच धर. उडी साडेतीन टाइल, म्हणजे ५६ पिक्सेल, आणि वर पोचायला ०.४ सेकंद. सुरुवातीचा वेग दुप्पट उंची भागिले वेळ, म्हणजे सेकंदाला २८० पिक्सेल. गुरुत्व दुप्पट उंची भागिले वेळेचा वर्ग, म्हणजे ७००. खाली येताना गुरुत्व दीडपट कर, नाहीतर पात्र फुग्यासारखं तरंगतं. मजल्याची कड सुटल्यावरही ५-६ फ्रेम (सेकंदाला ६० फ्रेम) उडी घेऊ दे. आळशी, जाड्या पात्राची उडी ठेंगणी कर, चपळाची उंच. इथेही स्वभावच मोजायचा आहे.

कार्टूनवाले उडीआधी पात्राला दबवतात. कागदावर ते झकास दिसतं. गेममध्ये ५ फ्रेम दबवलंस, तर ६० फ्रेमच्या गतीने ८३ मिलिसेकंद बटण मेलेलं वाटतं आणि खेळणारा म्हणतो, 'कंट्रोल्स बेकार आहेत.' बटण दाबताच पात्र जमीन सोडू दे. दबणं उतरल्यावर दाखव, तिथे कुणाची तक्रार नसते.

मोठ्या डोक्याचा त्रास वेगळाच. स्ट्रिपमध्ये चेहरा वाचता यावा म्हणून डोकं अर्ध्या अंगाएवढं काढतात. समज, डोकं २४ पिक्सेल रुंद आणि पावलं १०. हिटबॉक्स, म्हणजे टक्कर मोजायची अदृश्य चौकट, डोक्याएवढा ठेवलास, तर कडेला पात्र हवेत उभं राहतं, पावलं ७ पिक्सेल बाहेर. पावलांएवढा ठेवलास, तर डोकं भिंतीत घुसतं. म्हणून जमिनीसाठी १२ रुंदीचा आणि भिंतीसाठी १८चा, असे दोन वेगळे ठेव. केस थोडे भिंतीवर आले तर येऊ देत, फक्त पात्र भिंतीच्या पुढच्या थरात काढ.

डावी-उजवी बाजू आरशासारखी उलटवताना शर्टावरचं अक्षर उलटं होतं, मिटलेला डोळा दुसरीकडे जातो. डोळा चालतो. अक्षर चालत नाही, ते वेगळ्या थरात ठेव.

स्ट्रिपमध्ये शेवटच्या चौकटीआधी बऱ्याचदा एक गप्प चौकट असते. ती गेममध्ये कुठे जाते? बटण सोडल्यावर. ४ सेकंद काहीच दाबलं नाही, की पात्राने आपल्या स्वभावाचं काहीतरी करावं: जांभई, पाय आपटणं, तुझ्याकडे बघणं. धावण्याला ८ फ्रेम, म्हणजे ८ चित्रं, देतोस ना, यालाही तेवढ्याच दे.

संवादाच्या फुग्यातला मजकूर मराठीत असेल, तर इंग्रजीसाठी आखलेली ८ पिक्सेलची ओळ विसर. वेलांटी, रफार, उकार कापले जातात. १६ची ओळ धर आणि फुग्यात दोनच ओळी ठेव.

गेम मूळ चित्रकाराकडे मंजुरीला नेताना एक प्रश्न आधीच लेखी विचार: पात्र हरल्यावर काय दिसणार? रोजच्या पेपरात ते कधी मरत नाही, त्यामुळे मरण्याचं ॲनिमेशन नामंजूर होऊन परत येण्याची शक्यता दाट. धपकन बसणं, रुसणं, चौकटीबाहेर निघून जाणं, असे दोन-तीन पर्याय काढून ठेव.

आणि मला आधी करड्या डब्याचा बिल्ड, म्हणजे चालणारी आवृत्ती, पाठव, एका मिनिटाचा पुरे. चित्रं त्यानंतर.

तुझा,
मार्गदर्शक